शिसपेन्सिलीत शिसे नसते

पेन्सिल चघळणाऱ्या पोराला घरातले कुणी ना कुणी ओरडतेच, "अरे, शिसं जाईल पोटात!" वास्तविक शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्राफाइट, कोळशाचा आणि हिऱ्याचा सख्खा भाऊ. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात ते सापडले तेव्हा लोकांना ते शिशाचेच काळे रूप वाटले. १७७९ मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन असल्याचे दाखवून दिले, पण तोवर नाव चिकटून बसले होते. तरी ओरडणारा अगदीच चुकत नव्हता. जुन्या पेन्सिलींच्या लाकडावर जो चकचकीत रंग असे, त्यात शिसे असायचे. चावला जायचा तो रंगच.

शिशाची गंमत, गंमत म्हणायची तर, ही आहे. नाव असते तिथे ते नसते आणि असते तिथे त्याचे नाव नसते. शेंदूर घ्या. मारुतीला, गणपतीला, गावाबाहेरच्या म्हसोबाला तेलात कालवून जो फासतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे साचलेला शेंदराचा थर २०२२ मध्ये काढला, तेव्हा खालचे मूळ रूप पाहून भाविक चकित झाले होते. आज बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक पुडीत शिसे असेलच असे नाही, पण पुडीवर तसे लिहिलेलेही नसते. सुरमा म्हणून विकली जाणारी चमकदार पूड बहुधा गॅलेना नावाच्या खनिजाची, म्हणजे शिशाच्या सल्फाइडची असते. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ मात्र नुसती काजळी, त्यात शिसे नाही. कल्हईवाला भांड्याला लावतो ते कथील. कथील महाग, शिसे स्वस्त, आणि दोन्ही वितळली की दिसायला सारखीच. भेसळीला याहून सोपी जागा कुठली?

शेंदराचा टिळा कपाळाला लावला तर बिघडते काय? कातडीतून असे शिसे फारसे आत जात नाही. वाट असते बोटांची. टिळा लावलेले बोट तोंडात जाते, रांगणाऱ्या मुलाचा हात फरशीवरून तोंडात जातो, जुन्या खिडकीचा पोपडलेला रंग धूळ होऊन त्याच फरशीवर बसतो. शिशाचा मुख्य प्रवास हात ते तोंड एवढाच आहे. दुसरी वाट श्वासाची: भट्टीचा धूर, वितळलेल्या बॅटऱ्यांची वाफ.

पुढचा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे, कारण बाकीचे सगळे त्यातूनच कळते. आतड्याच्या अस्तरात लोह आणि कॅल्शियम आत घेणारी दारे असतात. शिशाचा विद्युतभारित कण त्या दोघांसारखाच दिसतो, दरवान त्याला ओळखत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलात हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते, कारण वाढत्या अंगाला खनिजांची भूक असते आणि दारे सताड उघडी असतात. मूल ॲनिमिक असेल, अंगात लोह कमी असेल, तर शरीर लोहासाठी आणखी दारे उघडते, आणि त्या दारांतून शिसेही आत शिरते. ज्या घरात पोटभर आणि चौरस खाणे नाही तिथल्या मुलाला तेवढ्याच धुळीतून जास्त विष मिळते.

रक्तात गेलेले शिसे बहुतेक तांबड्या पेशींना धरून राहते. तिथे हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीतल्या दोन विकरांना ते अडवते. त्यातल्या एकाचे काम जस्ताच्या अणूवर चालते, शिसे त्या जस्ताला ढकलून त्याच्या जागी बसते. परिणाम पुन्हा ॲनिमिया. म्हणजे लोह कमी म्हणून शिसे जास्त शिरले आणि शिसे शिरले म्हणून रक्त आणखी फिके झाले.

मेंदूत त्याचे कॅल्शियमचे सोंग फार महाग पडते. दोन मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. बाळपणी मेंदू असंख्य जोडण्या करतो, उपयोगाच्या ठेवतो, बाकीच्या छाटतो. या निवडीच्या काळात खोटे इशारे मिळत राहिले तर छाटणी चुकते. हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल जरा चंचल, जरा विसरभोळे, गणितात जरा मागे. घरचे म्हणतात, लक्ष नाही हो त्याचे अभ्यासात.

रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते. सुटलो असे वाटावे, पण त्यातले बरेच हाडांत गेलेले असते. हाड कॅल्शियमचे कोठार, आणि इथेही दरवान फसतो. मोठ्या माणसाच्या अंगातल्या शिशापैकी ९० टक्क्यांहून अधिक हाडांत आणि दातांत असते आणि तिथे दशकानुदशके मुक्काम करते. बाई गरोदर राहिली की बाळासाठी तिची हाडे कॅल्शियम सोडू लागतात. त्याबरोबर तिच्या स्वतःच्या बालपणीचे शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते.

हे सारे उशिरा का कळले? एक कारण असे की विषबाधा म्हटले की डॉक्टर ठळक लक्षणे शोधत. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळसर रेघ, लुळे पडलेले मनगट. तेवढी मात्रा नसेल तर सगळे ठीक, असा समज होता. दुसरे कारण पेट्रोलचे. १९२१ मध्ये जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली याला आढळले की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये घातले तर इंजिन ठोठावत नाही. १९२३ मध्ये ते विक्रीला आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या एका कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन आणि वाफ हुंगून दाखवली. तो स्वतः त्याआधी शिशाच्याच बाधेने काही काळ आजारी पडला होता, हे मात्र त्याने तिथे सांगितले नाही. पुढची पन्नासेक वर्षे जगभरच्या गाड्या धुराड्यांतून शिसे सोडत राहिल्या आणि उद्योगाचे तज्ज्ञ सांगत राहिले की माणसाच्या रक्तात थोडे शिसे असणे नैसर्गिकच आहे.

या 'नैसर्गिक' शब्दाला सुरुंग लावला तो वैद्याने नव्हे, भूरसायनशास्त्रज्ञाने. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचे वय मोजत होता. युरेनियम कोट्यवधी वर्षांत झिजून शिशाचे ठरावीक समस्थानिक तयार करतो, त्यामुळे उल्केतल्या शिशाचे प्रमाण मोजून वय काढता येते. पण त्याचे आकडे जुळेनात. जिथे हात लावावा तिथे शिसे, हवेत, नळाच्या पाण्यात, त्याच्या स्वतःच्या केसांत. शेवटी त्याने प्रयोगशाळाच घासूनपुसून, गाळलेली हवा खेळवून स्वच्छ केली. १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे हा त्याचा आकडा प्रसिद्ध झाला, तो आजही टिकून आहे. मग त्याने उलटा प्रश्न विचारला: इतके शिसे आले कुठून? ग्रीनलंडच्या जुन्या बर्फाच्या थरांत आणि प्राचीन पेरूवासीयांच्या हाडांत त्याने ते मोजले, तेव्हा आधुनिक माणसाच्या अंगातले शिसे शेकडो पटींनी जास्त निघाले. ज्याला सगळे सामान्य म्हणत होते ते फक्त सार्वत्रिक होते. सगळेच आजारी असले की निरोगी कुणाला म्हणायचे हेच विसरायला होते.

मुलांच्या बुद्धीशी संबंध जोडला तो हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्याने गोळा केले. आपल्याकडे पडलेला दात छपरावर किंवा उंदराच्या बिळात टाकायची रीत आहे. नीडलमनने त्या दातांचा बालपणीची नोंदवही म्हणून उपयोग केला. १९७९ मध्ये त्याने दाखवले की ज्या मुलांच्या दातांत शिसे जास्त त्यांचा बुद्ध्यंक आणि एकाग्रता कमी, आणि त्यातल्या कुणालाच विषबाधेचे ठळक लक्षण नव्हते.

अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे जसजसे घटवले तसतसे लोकांच्या रक्तातले उतरले. १९७६ ते १९८० या काळात सरासरी एका डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होती, १९९१ पर्यंत ती २.८ झाली. कुणाला गोळी दिली नव्हती, लस टोचली नव्हती, बदलले ते मुख्यतः पंपावरचे पेट्रोल. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. जगात सगळ्यांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने बंद केले.

औषध का दिले नाही, असा प्रश्न साहजिक आहे. औषधे आहेत, रक्तातले शिसे पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी. पातळी ४५ च्या वर गेली तर ती द्यावीच लागतात, जीव वाचतो. पण त्याहून कमी पातळीच्या मुलांवर अमेरिकेत ७८० जणांची मोठी चाचणी झाली. रक्तातला आकडा औषधाने उतरला, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र औषध घेतलेली आणि न घेतलेली मुले सारखीच निघाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुकलेली छाटणी औषधाने दुरुस्त होत नाही. म्हणून शिशाच्या बाबतीत डॉक्टरपेक्षा रंगाचा कारखानदार, भंगारवाला आणि अन्न निरीक्षक यांचे काम मुलांच्या आरोग्याच्या जास्त जवळचे आहे. जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित अशी कोणतीच पातळी मानत नाही. अमेरिकेत ज्या आकड्यापुढे चौकशी सुरू करतात तो १९६० च्या दशकात ६० होता, तो उतरत उतरत २०२१ मध्ये ३.५ वर आला.

आता हळद. कच्ची हळद उकडतात, वाळवतात आणि पिंपात फिरवून पॉलिश करतात. सांगलीच्या पेठेत हळकुंडाचा भाव त्याच्या रंगावर आणि चकाकीवर ठरतो. हा रंगाचा सोसच भेसळीला बोलावतो. पॉलिश करताना चिमूटभर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, टाकला की मळकट हळकुंडही सोन्यासारखे दिसते. तो स्वस्त असतो आणि फार थोडा लागतो. बांगलादेशात ही सवय १९८० च्या दशकात, पुराने हळद भिजून काळवंडली तेव्हापासून लागली असे व्यापारी सांगतात. तिथल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडत होते आणि उगम कळत नव्हता. मग पॅटरसनने उल्केवर जी युक्ती वापरली तीच संशोधकांनी रक्तावर वापरली. प्रत्येक ठिकाणच्या शिशात समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, जणू अंगठ्याचा ठसा. रक्तातला ठसा हळदीतल्या रंगाशी जुळला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध होताच तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रांत इशारे दिले, ढाक्याच्या घाऊक बाजारात हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने जागच्या जागी तपासणी केली आणि दंड ठोठावले. बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. दोन वर्षांत! इतक्या स्वस्तात आणि इतक्या लवकर मिटलेली सार्वजनिक आरोग्याची दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भाग, आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या दारा-खिडक्यांवर त्याआधीचेच थर आहेत. ते काढायचे असतील तर कोरडे खरवडू नयेत, ओले करून काढावेत आणि त्या दिवशी मुलांना घराबाहेर ठेवावे. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे चांगले, झाडूने धूळ फक्त जागा बदलते. हळद घ्यायची तर अखंड हळकुंड आणून दळावी, आणि ते भडक पिवळे नसले तर वाईट वाटून घेऊ नये. मुलाला पोटभर आणि वेळेवर खायला द्यावे, कारण रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. नाचणी, तीळ, पालेभाज्या आणि त्यावर लिंबू पिळणे, यामागे इथे अगदी रोखठोक हिशेब आहे: लोह आणि कॅल्शियम भरपूर असले तर शिशाला दारे कमी मिळतात.

एवढे करूनही गाडीच्या बॅटऱ्यांचे काय, हे उरतेच. आज जगात निघणारे बहुतेक शिसे बॅटऱ्यांत जाते, आणि निकामी बॅटरी फोडून शिसे वितळवणारी एखादी शेडही सगळी वस्ती बाधित करू शकते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत २००७-०८ मध्ये अशाच धंद्याने १८ मुले दगावली. म्हणून एखाद्या मुलाच्या रक्तात शिसे निघाले की जाणता डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो, वडील कामाला कुठे जातात. बॅटरीच्या दुकानात, असे उत्तर आले तर आंघोळ तिथेच करून घरी यायला सांगतो, कामाचे कपडे वेगळे धुवायला सांगतो, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावतो. तेव्हा आकडा थोडा उतरलेला असतो, थोडाच. आई घाबरून विचारते, सगळे पाळले तरी असे का? सगळे पाळले म्हणूनच उतरला, एवढे तो सांगतो. बाकीचे हाडांतून सावकाश सुटत असते.