पडद्याआडची सेवा

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द कानी पडले नाहीत असा माणूस आज शेवगावात शोधूनच काढावा लागेल. सातबाराचा उतारा असो, पीकविम्याचा अर्ज असो, की मुलाच्या प्रवेशासाठी दाखला असो. तासभर रांगेत उभे राहावे आणि हे शब्द ऐकून परतावे, हा अनुभव सर्वांचाच. त्यातून मुदतीचा शेवटचा दिवस असला तर वर्षाचे नुकसान. सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी थोड्या दक्षतेने टळण्यासारखी जी आहेत, त्यांचा आज विचार करू.

सर्व्हर हे नाव यंत्रालाही देतात आणि त्या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही. आपली मागणी येण्याची वाट पाहत जागे राहणे आणि ती येताच उत्तर देणे, हे ह्या प्रोग्रॅमचे काम. आता असे समजा, की एका तंत्रज्ञाने आपल्या टेबलावरून दूरच्या यंत्राशी जोडणी केली, प्रोग्रॅम सुरू केला आणि संध्याकाळी जोडणी तोडून तो घरी गेला. जोडणी तुटताच त्या प्रोग्रॅमला ‘हँगअप’ नावाचा इशारा जातो आणि बहुधा तोही संपतो. टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरीत, त्या काळातले हे नाव. रिसीव्हर खाली ठेवल्याची ती खूण.

म्हणून प्रोग्रॅम माणसाच्या हाताखाली न ठेवता यंत्राच्याच स्वाधीन करावा लागतो. पडद्याआड राबणाऱ्या अशा प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत १९६३ च्या सुमारास हे नाव रूढ झाले. रेणूंची अखंड निवड करीत बसणारा एक काल्पनिक जीव मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने कल्पिला होता. त्यावरून ते घेतले. लिनक्स प्रणालीच्या बहुतेक यंत्रांत ह्या सेवकांवर देखरेख करणारा मुकादम म्हणजे ‘सिस्टिमडी’. तो २०१० साली अवतरला. त्याच्यासाठी एक लहानशी फाईल लिहून ठेवतात: काय चालवायचे, कशाच्या मागून चालवायचे, कोणाच्या नावाने चालवायचे आणि बंद पडल्यास काय करायचे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नकोच. विहिरीवरच्या मोटारीला आपण ‘ऑटो’ बसवतो. रात्री वीज आली, की मालक झोपेत असला तरी मोटार सुरू होते. सर्व्हरचेही तसेच. ‘आत्ता चालू कर’ आणि ‘यंत्र उठेल तेव्हा आपोआप चालू हो’ ह्या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. दुसरी द्यायची राहून गेली, तरी काम महिनोन्‌महिने बिनबोभाट चालते. एके दिवशी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. सेवा मात्र उठत नाही.

पण ऑटोचे दोषही आपण जाणतो. विहिरीत पाणी नसताना मोटार फिरत राहिली तर जळते. वीज येताच साऱ्या मोटारी एकदम उठल्या तर रोहित्रावर भार येतो. म्हणूनच ऑटो काढून टाका, असे महावितरण वारंवार सांगत आली आहे. मुकादमालाही हे भान द्यावे लागते. बंद पडलेली सेवा पुन्हा उठव, असे लिहून दिल्याखेरीज तो ती उठवीत नाही. लिहून दिले, तरी दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की तो थांबतो, ही मूळची मर्यादा. दोन प्रयत्नांमध्ये किती अंतर ठेवायचे, हेही ठरवून देता येते.

आणखी दोन पथ्ये. सेवकाला यंत्राचे सर्वाधिकार देऊ नयेत. पाणक्याच्या हाती तिजोरीची किल्ली कोण देतो? शिवाय मोटार घरघरते, पण पाइपाच्या तोंडाशी पाणी नाही, असेही घडते. प्रोग्रॅम जिवंत दिसतो, उत्तर मात्र देत नाही. म्हणून बाहेरून अधूनमधून हाक मारून पाहावी आणि काय बिघडले ते सेवांच्या नोंदवहीत शोधावे.

आपली पतसंस्था, शाळा किंवा वाचनालय उद्या असा प्रोग्रॅम करवून घेईल. बिल चुकते करण्यापूर्वी एकच करा: करणाऱ्याला समोर बसवून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला लावा आणि त्याला कशालाही हात लावू देऊ नका. सेवा आपली आपण उठली तरच काम पुरे झाले असे समजावे.