मागच्या खोलीतले वायफाय

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. तेथील एका शिक्षक मित्राकडे आम्ही गेलो होतो. घर जुने आहे. भिंती मातीच्या, चांगल्या दीड हात जाड, वर कवेलू, ओसरीमागे एकापाठोपाठ तीन खोल्या. ऑप्टिकल फायबरची जोडणी ओसरीत, आणि बारावीतल्या मुलीची अभ्यासाची खोली सर्वांत मागे. तेथे वर्गाचे चित्रण दर दोन मिनिटांनी अडत असे. मित्राने चार अँटेनांचा नवा राऊटर निवडून ठेवला होता. त्याची किंमत होती सहा महिन्यांच्या फायबर-भाड्याएवढी. "डब्यावर तीन हजार लिहून आहे सर, मग मागे काहून नाही पोचणार?" असे त्यांनी विचारले.

आधी या तीन हजारांचे पाहू. 'एएक्स ३०००' हा आकडा दोन आकड्यांची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला जास्तीत जास्त ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २४०२, मिळून झाले सुमारे ३०००. आपला फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय मित्राची फायबर-जोडणीच ४० मेगाबिटची. आडात ४० असताना पोहरा ३००० चा घेऊन काय उपयोग?

खरी अडचण भिंतींची होती. ती मोजता येते. फोनवरचे मोफत मिळणारे एखादे वायफाय-मापक येणाऱ्या लहरींची शक्ती डेसिबेलमध्ये दाखवते. आकडा उणे असतो. तो १० ने घसरला की शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते, ३ ने घसरला की निम्मी होते. ५ गिगाहर्ट्झवर ओसरीत, डब्यापासून २ मीटरवर, आकडा आला उणे ३८. मागच्या खोलीत, १२ मीटरवर, उणे ८१. फरक ४३ डेसिबेलचा, म्हणजे शक्ती वीस हजार पटींनी घटली.

यात अंतराचा दोष किती? व्यस्त वर्ग नियम आपण नववी-दहावीपासून शिकवतो. अंतर सहापट झाले तर शक्ती छत्तीस पटींनी घटेल. वीस हजारांना छत्तीसने भागले की साडेपाचशेच्या आसपास उरतात, आणि ते तीन भिंतींचे. प्रत्येक भिंत शक्ती सुमारे आठव्या हिश्श्यावर आणत होती. हा हिशेब ढोबळ आहे, कारण दारांतून आणि कवेलूंखालून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी त्यात धरलेल्या नाहीत. पण गुन्हेगार कोण हे कळायला तो पुरेसा आहे.

मग राऊटर अधिक जोरकस घेतला तर? वायफाय हा संवाद आहे. राऊटरचे बोलणे फोनला ऐकू गेले पाहिजे, तसे फोनचे उत्तरही राऊटरपर्यंत पोहोचले पाहिजे. फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण वॅटच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असते, आणि नवा राऊटर आणल्याने ती वाढत नाही. जास्त अँटेनांमुळे क्षीण उत्तर थोडे बरे ऐकू येते, हे खरे. तो फायदा दुपटी-चौपटीचा. एकेक भिंत आठपट खात असताना तो कितीसा पुरणार? अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही, तिला दिशा देते, एवढेच. उभ्या दांड्याची अँटेना आडव्या दिशेने चांगली पसरवते आणि टोकाच्या दिशेने फारच थोडी. म्हणून एकमजली घरात दांडे उभेच ठेवावेत.

पट्टा बदलून पाहिला. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६. लांब तरंग मातीच्या भिंतीत सहसा कमी शोषले जातात. शिवाय तशाच प्रकारची अँटेना घेतली तर मोकळ्या जागेतही ५.२ गिगाहर्ट्झवर हाती येणारी शक्ती २.४ च्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकीच असते, कारण आखूड तरंगांची अँटेना लहान असते आणि कमी गोळा करते. मागच्या खोलीत आकडा उणे ७० वर आला. चित्रण चालू लागले, पण मधूनमधून अडखळत. २.४ चा पट्टा अरुंद आहे. एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या त्यात तीनच बसतात, १, ६ आणि ११. शेजारचे राऊटर त्याच वाहिनीवर असले की पाळी लावून बोलावे लागते.

दुकानात अशा वेळी 'रिपीटर' सुचवतात. तो मागच्या खोलीत लावणे म्हणजे ऐकू न येणाऱ्या माणसाला निरोप सांगायला बसवणे. लावायचाच तर मधल्या खोलीत लावावा.

आम्ही तारेचा मार्ग घेतला. १५ मीटर कॅट-५ई केबल आढ्याजवळून मागे नेली. ही केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट सहज वाहते आणि भिंतीची पर्वा करत नाही. तिच्या टोकाला मित्राच्या कपाटात पडून असलेला जुना, दोन अँटेनांचा राऊटर जोडला. केबल त्याच्या बाहेरून येणाऱ्या जोडणीच्या खाचेत न लावता घरातल्या यंत्रांसाठीच्या खाचेत लावली आणि पत्ते वाटण्याचे त्याचे काम बंद केले. ते काम ओसरीतला डबा करतोच. मुलीच्या टेबलावर आकडा आला उणे ४०. खर्च केबलचा तेवढा झाला. वाचलेल्या पैशांतून १२ व्होल्टचा छोटा बॅटरी-संच घ्यावा असे आम्ही सुचवले. दोन्ही डबे मिळून १५ वॅट धरले तर तीन तास वीज नसताना ४५ वॅट-तास लागतील. बॅटरीवरचा आकडा त्याहून बराच मोठा हवा.

नवा राऊटर घ्यावाच लागला तर तो दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असावा आणि त्यात २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धत असावी. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. फायबर देणाऱ्याच्या डब्यात बहुतेक वेळा वायफाय असतेच, हेही आधी पाहून घ्यावे.

वर्गात हा प्रयोग करता येईल. राऊटर एका जागी ठेवून फोन पाच पावलांवर धरा आणि दहा वाचनांची सरासरी घ्या, कारण आकडा सारखा हलतो. मग मध्ये पत्र्याचा तुकडा, कोरडे गोणपाट आणि भिजवलेले गोणपाट आळीपाळीने धरा. ओले गोणपाट कोरड्यापेक्षा बरेच जास्त शोषते. पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात, लहरींबरोबर फिरू पाहतात आणि ऊर्जा खातात. मायक्रोवेव्ह भट्टीत हेच घडते. ती २.४५ गिगाहर्ट्झवर पाण्याच्या अनुनादामुळे चालते असे पुष्कळदा छापले जाते, ते चूक आहे. पाण्याचे शोषण त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेला सर्वाधिक असते.

हे ऐकून मुलीने विचारले, "मग आमची भिंत श्रावणात जास्त खात असेल?" आम्ही गेलो होतो वैशाखात. ओसरीतल्या डब्याचे मागच्या खोलीतले आकडे तिने वहीत लिहून ठेवले आहेत, खाली तारीख घालून. श्रावणात ती ते पुन्हा घेणार आहे.