पोटाचा फोटो काढण्याआधी

शौचाला रक्त पडले की आपल्या गावात पहिला शब्द निघतो तो मूळव्याधीचा. मग कोणी सुरण खायला सांगतो, कोणी झाडपाला देतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण कधी कधी ती नसते. मोठ्या आतड्यात आतून मांसाची बारीक गाठ उगवलेली असते. तिला पॉलिप म्हणतात. सगळ्याच गाठी वाईट नसतात. पण काही गाठी वाढत जातात आणि दहाएक वर्षांनी त्यांचा कर्करोग होतो. गाठ लहान असतानाच काढली तर माणूस वाचतो. म्हणून रक्त पडले, शौचाची सवय अचानक बदलली, अंगातले रक्त विनाकारण कमी झाले, तर लाजू नये. डॉक्टरला दाखवावे. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्याने तर मुळीच थांबू नये.

मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. ते आतून पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक दुर्बिणीची. दुसरी सिटी स्कॅनची. सिटी स्कॅनचे यंत्र इंग्लंडात हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनियराने तयार केले. 1971 साली त्याने पहिल्या रोग्याचा फोटो घेतला आणि 1979 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्र क्ष-किरणांनी पोटाचे पातळ पातळ काप केल्यासारखे फोटो घेते. मग संगणक ते जुळवून आतड्याची आतली बाजू दाखवतो. हाडाच्या फोटोला काही तयारी लागत नाही. याला लागते, आणि तीच खरी मेहनत आहे.

का लागते? आपण समुद्राकाठची माणसं. भरती असली की खडक दिसत नाही, ओहोटी लागली की दिसतो. आतड्यात मळ भरलेला असला तर गाठ त्याखाली झाकते. उलटेही होते. मळाचा चिकटलेला खडा फोटोत गाठीसारखा दिसतो. मग डॉक्टर फसतो आणि तुम्हाला उगाच घोर लागतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ श्रीवर्धनच्या बाजूचे. आदल्या रात्री पाहुणे आले, म्हणून त्यांनी वालाचे बिरडे घेतले. थोडेच घेतले, असं ते सांगत होते. पहाटेची एस.टी. धरली, लांबचा प्रवास केला, आणि फोटो धड आला नाही. पुन्हा तारीख, पुन्हा जुलाब, पुन्हा भाडे. त्यांची बायको अजून त्या बिरड्याचे नाव काढते.

तर खाणे कसे ठेवावे? दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी करावा. चोथा म्हणजे जे पचत नाही आणि मळ वाढवते ते. पांढऱ्या तांदळाचा मऊ भात चालतो, तांदळाची भाकरी चालते. साल काढून उकडलेला बटाटा, अंडे, काटे काढलेला ताजा मासा चालतो. पापलेट, ओले बोंबील बेलाशक खा, पण कालवणात खोबऱ्याचा चोथा नको. वाल, पावटा, चणे, पालेभाजी, शेवग्याची शेंग, पेरू, शेंगदाणे, तीळ, नाचणी बंद. अलिबागचा पांढरा कांदा कितीही गोड असला तरी कच्चा नको. जवळा आणि सुकट आपण सालासकट खातो, म्हणून तेही नको. पोपटीचे दिवस असले तर मडक्यापासून लांब बसा.

आदल्या दिवशी घट्ट काहीच खायचे नाही. फक्त पारदर्शक पातळ पदार्थ घ्यायचे. शहाळ्याचे पाणी मलई न घेता, गाळलेले लिंबूपाणी, मीठ-साखरेचे पाणी, दूध न घातलेला चहा. पाणी भरपूर प्यावे. कोकमाचे सरबत मात्र टाळावे. दुर्बीण घालायची वेळ आली तर त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

मग जुलाबाचे औषध. बहुतेक ठिकाणी पावडर देतात. ती सांगितलेल्या पाण्यात कालवून थोडी थोडी प्यायची. चव खारट असते. तासाभरात पोट सुटते आणि दहा-बारा वेळा जावे लागते. शेवटी पिवळसर पाणी पडले म्हणजे काम झाले. आग होते, म्हणून आधीच खोबरेल तेल लावून ठेवावे. घरात संडास नसेल तर असेल त्या नातेवाइकाकडे आदली रात्र काढावी. औषध पिऊन एस.टी.त किंवा मांडव्याच्या लाँचमध्ये बसू नये. तपासणी मुंबईला असेल तर आदल्या दिवशीच तिकडे मुक्कामाला जावे. पावसाळ्यात तर गेटवेची लाँच बंदच असते.

बरोबर आणखी एक औषध देतात. ते पोटात राहिलेल्या मळाला जणू खूण करते. फोटोत तो मळ पांढरा दिसतो आणि गाठ वेगळी ओळखू येते. जुलाब होताहेत तर हे कशाला, असं म्हणून ते टाकून देऊ नका.

काही गोष्टी आधी सांगितल्याच पाहिजेत. मधुमेह असेल तर उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचे ते विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर जुलाबाचे औषध आणि शहाळेसुद्धा विचारूनच घ्या. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. बाईला दिवस गेले असतील, किंवा तसा संशय असेल, तर तसे सांगावे. पोट फुगून उलट्या होत असतील तर जुलाब घेऊच नका, तडक डॉक्टरकडे जा.

रुग्णालयातून तयारीचा कागद देतात. तो नेहमी मराठीत असतोच असे नाही. तो नर्सबाईंकडून समजून घ्यावा आणि आपल्या हाताने मराठीत उतरवावा. किती वाजता काय, हे लिहून भिंतीला लावावे. आम्ही लिहिले त्यात आणि त्या कागदात फरक असेल तर कागदाचे ऐका. सिटी स्कॅनचे यंत्र असले तरी आतड्याची ही तपासणी तिथे होतेच असे नाही. म्हणून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. कर्करोगाचा संशय असेल तर परळचे टाटा रुग्णालय 1941 सालापासून आहे, आणि त्यांचेच एक केंद्र आपल्या जिल्ह्यात खारघरला आहे.

प्रत्यक्ष तपासणी पंधरा-वीस मिनिटांची. गुदद्वारातून बारीक नळी घालून हवा सोडतात, म्हणजे आतडे फुगून उघडे होते. पोट तट्ट फुगल्यासारखे वाटते. एकदा उताणे, एकदा पालथे झोपवून फोटो घेतात. श्वास धरा म्हटले की धरायचा. भूल देत नाहीत, म्हणून त्याच दिवशी घरी जाता येते. पोट फार दुखले, ताप आला किंवा रक्त पडले तर लगेच परत जावे.

फोटोत गाठ दिसली तर ती काढायला दुर्बीणच लागते. काही ठिकाणी ती त्याच दिवशी घालतात. तसे झाले तर जुलाब पुन्हा घ्यावे लागत नाहीत. तारीख घेतानाच हे विचारून ठेवावे. नाही तर घरी येऊन मऊ भात आणि मासा खावा. वाल दुसऱ्या दिवशी भिजत घालावेत.