एकाच राज्याचीं नाना पिकें

गांव नमुना १२ हें दप्तर पुष्कळांस रुक्ष वाटतें. परंतु ज्यानें तें वर्षानुवर्षें हाताळलें, त्यास राज्याचें खरें स्वरूप नकाशापेक्षां त्यांतच अधिक दिसतें. महाराष्ट्राचीच गोष्ट घ्या. सातारा जिल्हा एक. पण महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यांत तो ५०० च्या आसपास. तेव्हां एकीकडे भात व नाचणी, दुसरीकडे बाजरी व मेंढरें, हें ओघानेंच आलें. कोंकणांत जांभ्या दगडाच्या जमिनींत हापूस साधला. सोलापुराकडे काळ्या जमिनीनें धरलेल्या ओलीवर शाळू येतो. जळगांवीं केळी, नाशकास द्राक्षें व कांदा, नागपूर-अमरावतीकडे संत्रीं, आणि भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांखालीं पुन्हां भात.

एवढें वाचकांस ठाऊक आहेच. मला सांगावयाचें तें निराळें. राज्याचें वैविध्य आणि एका शेताचें वैविध्य ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, व दुसरी झपाट्यानें आटत आहे. पूर्वीं खरीप जोंधळ्यांत तूर, मूग, उडीद, आणि बांधाकडेस अंबाडी असे. एक पीक बुडालें तर दुसरें हात देई. कडब्यावर गुरें तरत. १९८० नंतर विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन पसरलें, आणि आज राज्यांत त्याखालीं ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र आहे. तें लवकर निघतें, रोख पैसा देतें, रब्बीस रान मोकळें करतें. म्हणून शेतकऱ्यास दोष देणें मला रास्त वाटत नाहीं. परंतु ऐन काढणीच्या वेळीं पावसानें गांठलें, कीं घरांत दुसरें कांहींच नसतें. कडबा तर नाहींच.

नमुना १२ मध्यें मिश्र पिकांची व त्यांतील घटक पिकांचीही नोंद करितां येते, हें कित्येक खातेदारांच्या लक्षांतच नसतें. कांहीं गांवीं मुख्य पीक तेवढें लिहून बाकीचे रकाने कोरे सोडण्याची वहिवाट मीं पाहिली आहे. कपाशींत तुरीच्या ओळी उभ्या, आणि कागदीं नुसती कपाशी! मग तुरीचें नुकसान झाल्यास पुरावा कोठून आणावा? १५ ऑगस्ट २०२१ रोजीं सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत ही नोंद खातेदारास स्वतः शेतांत उभें राहून, मोबाईलवर छायाचित्रासह करितां येते. तेव्हां मुख्य पिकापाशीं न थांबतां आंतरपीक व बांधावरील झाडेंही भरावीं. मूग, उडीद लवकर निघतात; ते उभे असतांनाच छायाचित्र घ्यावें, कारण रान मोकळें झाल्यावर दाखविण्यास कांहीं उरत नाहीं.