विमानाची पीयूसी कुठे काढतात?

बाबांच्या स्कूटरची पीयूसी काढताना तुम्ही पाहिलंच असेल. पेट्रोल पंपाच्या कडेला व्हॅन उभी असते. त्यातला दादा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि दोन मिनिटांत कागद हातात देतो. आता सांगा पाहू, विमानाची पीयूसी कुठे काढायची? धावपट्टीच्या कडेला व्हॅन लावून चालेल?

छे! पूर्ण जोरात घोंघावणाऱ्या जेट इंजिनामागे नळी धरून कोण उभं राहणार? म्हणून धुराची ही परीक्षा इंजिन विमानाला लागण्याआधीच होते. अमेरिकेत ओहायो राज्यात पीबल्स नावाच्या गावाजवळ जीई कंपनीचं इंजिन-चाचणी केंद्र आहे. अशा ठिकाणी इंजिन भक्कम चौकटीला आवळून बसवतात आणि सुरू करतात. आवाज खरा, आग खरी, वारा खरा, पण इंजिन तसूभरही पुढे सरकत नाही. धुराचे नमुने घ्यायचे तेव्हा मागे नळ्या लावलेल्या असतात आणि त्यांतून धूर यंत्रांकडे जातो. गंमत म्हणजे या नळ्याही १६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम ठेवतात. का? नळी थंड असली, तर न जळलेल्या इंधनाची वाफ आतच चिकटून बसेल आणि इंजिन आहे त्यापेक्षा सोज्वळ ठरेल!

परीक्षेचे नियम इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८१ साली ठरवले. त्यात विमानाचा एक लुटुपुटीचा प्रवास आहे. उड्डाणाला पूर्ण जोर, ०.७ मिनिटं, म्हणजे फक्त ४२ सेकंद. वर चढताना ८५ टक्के जोर, २.२ मिनिटं. उतरताना ३० टक्के, ४ मिनिटं. आणि जमिनीवर हळूहळू सरकताना, रांगेत ताटकळताना ७ टक्के, तब्बल २६ मिनिटं! या चार जोरांवर इंजिन चालवून धूर मोजतात आणि हिशोबात प्रत्येकाला एवढा वेळ धरतात. ३,००० फुटांच्या वरचा प्रवास यात नाहीच, कारण प्रश्न होता विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांच्या नाकात काय जातं, हा.

चार वेगवेगळे जोर कशाला? कारण इंजिनाच्या खोड्या जोराप्रमाणे बदलतात. रेंगाळत असताना आतली आग मंद असते, केरोसीन नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. पूर्ण जोरात इंधन छान जळतं, पण आता आग इतकी तापते की हवेतला एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. झाले तयार नायट्रोजन ऑक्साइड! एक खोडी मोडायला जावं तर दुसरी डोकं वर काढते. मला विचाराल तर इंजिनियरांची खरी कसरत इथेच आहे.

आणि काजळी? साठच्या दशकातली जेट विमानं उडताना मागे काळेकुट्ट लोट सोडायची. (उंच आकाशात विमानामागे दिसणारी पांढरी रेघ वेगळी बरं का. ती धुराची नाही, बर्फाच्या बारीक कणांची असते.) काजळी मोजायची युक्ती अगदी साधी होती: ठरावीक धूर पांढऱ्या गाळणकागदातून सोडायचा आणि कागद किती काळवंडला ते प्रकाश टाकून मोजायचं. पुढे इंजिनं सुधारली आणि कागद जेमतेम राखाडी होऊ लागला. पण कण संपले नव्हते, फक्त फार बारीक होते. मग ते मोजायचे कसे? त्यांच्यावर ब्युटेनॉल नावाच्या अल्कोहोलची वाफ सोडतात. ती कणाभोवती जमते, त्याचा टपोरा थेंब होतो, आणि थेंब लेझरसमोरून गेला की यंत्र म्हणतं, एक! अनेक इंजिनांत एक किलो इंधन जळलं की ही मोजणी एकावर चौदा-पंधरा शून्यांपर्यंत जाते.

पण ही परीक्षा प्रत्येक इंजिनाची होत नाही. त्या मॉडेलच्या मोजक्या नमुन्यांची होते, कधी एकाचीच. मग तशी किती इंजिनं कारखान्यातून बाहेर पडली, हे सरकारला कसं कळणार? म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१२ मध्ये नियम केला: इंजिन कंपन्यांनी दरवर्षी २८ फेब्रुवारीपर्यंत आदल्या वर्षाचा अहवाल द्यायचा. मॉडेलचं पूर्ण नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, ज्वलनकक्षाचं वर्णन, धुराचे आकडे आणि वर्षभरात किती इंजिनं बनवली, सगळं त्यात हवं. त्या मॉडेलचं उत्पादनच बंद झालं असेल, तर शेवटचं कोणत्या महिन्यात बनवलं ते लिहा! खाली सही.

आपल्याकडे मुंबई-पुण्याहून उडणाऱ्या एअरबस ए३२० निओ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू११००जी किंवा सीएफएमचं लीप-१ए इंजिन असतं. दोन्हींचे परीक्षेतले आकडे इकाओच्या इंजिन-यादीत आहेत. ती युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. घरातल्या ताई-दादाला घेऊन बसा. एकाच नावाचे बरेच भाऊबंद सापडतील, गोंधळू नका. दोन्ही इंजिनांचे नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे शेजारी शेजारी मांडा. कुणाचा जास्त येतो, ते मी मुळीच सांगणार नाही.