दातातील जीवाणू आणि त्यांना गाठणारे द्रावण

दाताची कीड आतपर्यंत पोचली आणि ठणका सुरू झाला, की दंतवैद्य ‘रूट कॅनाल’ करण्याचा सल्ला देतात. या उपचारात ते पिचकारीच्या बारीक सुईने दातात पुन:पुन्हा एक द्रावण सोडतात व लगेच शोषून घेतात. त्याचा वास पोहण्याच्या तलावाची आठवण करून देतो. हे द्रावण बहुधा सोडियम हायपोक्लोराइटचे असते. गावच्या विहिरीत टाकल्या जाणाऱ्या टीसीएल पावडरीच्याच कुळातले हे रसायन. मग प्रश्न असा, की विहीर निर्जंतुक करणाऱ्या रसायनाला एवढासा दात निर्जंतुक करणे सोपे का जात नाही?

प्रथम दाताची रचना पाहू. बाहेर कठीण एनॅमल, त्याच्या आत डेंटिन आणि मधल्या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ पल्प. ही पोकळी मुळाच्या टोकापर्यंत बारीक नळीसारखी उतरत जाते. कीड पल्पपर्यंत पोचली की जीवाणू आत शिरतात, पल्प मरतो आणि मुळाच्या टोकाशी पू साठू लागतो. यामागे जीवाणूच असतात, हे 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनले व फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवरील प्रयोगाने दाखवले. त्यांनी दाढा कोरून पल्प उघडा केला. नेहमीच्या उंदरांत तो कुजला. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र तो जिवंत राहिला आणि जखमेवर नव्या डेंटिनचा थर धरला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या की दातातील संसर्ग जाईल, असे अनेकांना वाटते. पण गोळीतील औषध रक्तातून पोचते आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्तप्रवाहच उरलेला नसतो. म्हणजे औषध नळीत बाहेरूनच सोडावे लागते.

नळी बारीक कानशींनी घासून साफ करता येणार नाही का? नळी सरळ व गोल असती तर कदाचित जमलेही असते. प्रत्यक्षात ती वाकडी व चपटी असते, तिला फाटे फुटलेले असतात. घासल्यानंतरही नळीच्या भिंतीचा सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्श राहतो, असे सूक्ष्म सीटी स्कॅनने दिसून आले आहे. शिवाय डेंटिनमध्ये एक ते अडीच मायक्रॉन व्यासाच्या असंख्य सूक्ष्मनलिका असतात. बरेच जीवाणू त्यांत सहज मावतात.

द्रावणाने किती फरक पडतो, हे स्वीडनमधील बिस्ट्रॉम व सुंडक्विस्ट यांनी तपासले. नळी घासताना केवळ मिठाचे पाणी वापरले, तेव्हा पाचव्या भेटीच्या वेळी 15 पैकी 8 दात जीवाणूमुक्त आढळले. 0.5 टक्के हायपोक्लोराइट वापरले, तेव्हा ही संख्या 15 पैकी 12 झाली (1983). फायदा स्पष्ट दिसतो. पण तीन दातांत जीवाणू टिकून होते, हेही विसरून चालणार नाही.

हायपोक्लोराइट पाण्यात गेले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जीवाणूंच्या प्रथिनांवर हल्ला करून त्यांची विकरे निकामी करते. त्याशिवाय हे द्रावण मेलेला पल्पही विरघळवते. क्लोरहेक्सिडीन हे दुसरे द्रावण जीवाणू मारते व डेंटिनला चिकटून काही काळ परिणाम टिकवते, परंतु मेलेला पल्प विरघळवत नाही. ईडीटीए हे तिसरे द्रावण कॅल्शियम बांधून घेते. कानशीने घासताना भिंतीवर बसलेला भुग्याचा थर त्यामुळे निघतो आणि सूक्ष्मनलिकांची तोंडे मोकळी होतात. जीवाणू मारण्याची त्याची ताकद मात्र फार कमी.

यांतील कोणते द्रावण अधिक प्रभावी, हे ठरवण्यासाठी पुष्कळदा पेट्रीबशीत जीवाणू वाढवून, द्रावणाच्या थेंबाभोवती किती रुंद वर्तुळ स्वच्छ होते ते मोजतात. पण वर्तुळाची रुंदी द्रावण आगारमध्ये किती सहज पसरते यावरही अवलंबून असते. दातात तर परिस्थिती आणखी वेगळी. तेथे जीवाणू सुटे नसतात, चिकट आवरणाखाली थर करून राहतात. मेलेला पल्प व डेंटिनचा भुगा यांच्याशी अभिक्रिया होऊन हायपोक्लोराइट खर्चही होत राहते. म्हणून ताजे द्रावण भरपूर प्रमाणात, पुन:पुन्हा सोडावे लागते.

तिसरी अडचण वर्गात दाखवता येईल. बॉलपेनची रिकामी, पारदर्शक रिफिल टोकाकडून तीन सेंटिमीटर ठेवून कापा. एका बाजूने बंद अशी ही आपली ‘नळी’. उघड्या तोंडावर रंगीत पाण्याचा थेंब ठेवा. आतली हवा अडकल्यामुळे तो खाली उतरत नाही. आता शिक्षकांनी स्वतः, पिचकारीची बोथट केलेली बारीक सुई तळाजवळ नेऊन पाणी सोडावे. हवा वर निघून जाते आणि नळी भरते. दाताच्या नळीतही हवेचे असे बुडबुडे अडकतात. (या प्रयोगाला साधे रंगीत पाणीच वापरावे, ब्लीच नको. ब्लीचमध्ये आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.)

मग द्रावण तीव्र करून जोराने का सोडू नये? कारण ते जीवाणू आणि आपल्या पेशी यांत भेद करत नाही. मुळाच्या टोकापलीकडे गेले, तर तीव्र वेदना, सूज व ऊतींचा नाश होतो. म्हणून दंतवैद्य बाजूला छिद्र असलेली सुई वापरतात आणि द्रावण सावकाश सोडतात.

शेवटी विद्यार्थ्यांना एक गणित घाला. नळीत एक कोटी जीवाणू आहेत आणि द्रावणाने 99.9 टक्के मारले. उरले किती? दहा हजार! त्यांना अन्न व जागा मिळाली तर ते पुन्हा वाढू शकतात. म्हणूनच साफ केलेली नळी घट्ट भरून बंद करणे हाही उपचाराचाच भाग आहे. ठणका थांबला म्हणून उपचार अर्धवट सोडणाऱ्याने हे गणित एकदा अवश्य करून पाहावे. आणि ‘99.9 टक्के जंतू नष्ट’ अशी जाहिरात दिसली की विद्यार्थ्यांनी विचारावे: कोठे, किती वेळात आणि उरलेल्यांचे काय?