विमान धडकल्यावर इमारत कशी तगते

विमान धडकेल असे गृहीत धरून नेहमीची उंच इमारत बांधली जात नाही. भारतीय मानकांत वारा, भूकंप आणि आग यांचे हिशेब सक्तीचे आहेत. विमानाचा हिशेब मुख्यतः अणुभट्टीच्या वास्तूंसाठी मांडतात. शहरासाठी पहिला उपाय म्हणजे इमारत विमानाच्या वाटेत येऊच न देणे. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली सुरू झाला. अशा विमानतळाभोवती उंचीची एक अदृश्य छत्री धरलेली असते. धावपट्टीच्या टोकांपुढे ती जमिनीलगत सुरू होऊन मंद चढाने वर जाते. भोवताली साधारण 4 किलोमीटरपर्यंत ती 45 मीटर उंचीवर सपाट राहते आणि त्यापुढे दर 100 मीटरला 5 मीटर चढते. म्हणूनच गोकुळ शिरगाव किंवा सरनोबतवाडीच्या बाजूला उंच इमारत उभारायची, तर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला महत्त्वाचा ठरतो.

तरीही धडक बसलीच, तर काय होते? 28 जुलै 1945 रोजी दाट धुक्यात बी-25 जातीचे बॉम्बफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या 79व्या मजल्याजवळ घुसले. 14 माणसे दगावली, एक इंजिन इमारतीतून आरपार गेले, पण सांगाडा हलला नाही. 11 सप्टेंबर 2001 रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यावर आदळलेले बोइंग 767 सुमारे 125 टनांचे होते आणि सेकंदाला जवळजवळ 200 मीटर वेगाने आले. ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे या धडकेची ऊर्जा 1945 च्या धडकेच्या पन्नासपटीहून अधिक भरते.

विमान म्हणजे भरीव गोळा नव्हे. त्याचे धड पातळ पत्र्याचे असते आणि ते डब्यासारखे चेपत जाते. इंजिने आणि चाकांचा सांगाडा मात्र खरोखर भेदून जातात. उत्तर मनोऱ्याच्या प्रत्येक बाजूला मीटर-मीटरच्या अंतराने 59 पोलादी खांब होते. धडकेच्या बाजूचे तीसहून अधिक तुटले, तरी मनोरा लगेच पडला नाही. तुटलेल्या खांबांचा भार शेजारच्या खांबांनी उचलला. भाराला दुसरी वाट ठेवणे, हेच या साऱ्या शास्त्राचे मर्म आहे. 1968 साली लंडनच्या रोनान पॉइंट इमारतीत एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा मजल्यामागून मजला कोसळला, कारण तिथे अशी दुसरी वाटच नव्हती.

ही वाट कोल्हापुरातल्या कुठल्याही बांधकामावर हाताने दाखवता येते. कॉलमच्या उभ्या सळ्यांना ठरावीक अंतराने रिंगा बांधतात. भूकंपरोधक बांधकामाच्या मानकानुसार रिंगेचे टोक 135 अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरले पाहिजे. टोक 90 अंशांवरच सोडले, तर बाहेरचे काँक्रीट फुटताच रिंग उघडते, उभ्या सळ्या फाकतात आणि कॉलम बसतो. वळवलेले टोक गाभा घट्ट आवळून ठेवते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाचा हादरा सोसलेल्या या भागात ही दोन बोटांची वळणे काटेकोरपणे तपासायलाच हवीत. हादरा जमिनीतून येवो की बाजूने, तडकलेल्या कॉलमला भार पेलत ठेवणारी बांधणी तीच.

न्यूयॉर्कचे मनोरे पाडले ते आगीने. प्रत्येक विमानात सुमारे 38,000 लिटर इंधन होते. ते बरेचसे काही मिनिटांत जळाले. पुढची आग कागद, फर्निचर आणि गालिच्यांनी पेटती ठेवली. पोलाद 1,500 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पण 600 अंशांनाच त्याची निम्मी ताकद जाते. त्यावरचा अग्निरोधक लेप धडकेने उडून गेला होता. तापलेले मजले खचले, त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले आणि ते वाकले. उत्तर मनोरा 102 मिनिटे उभा राहिला, दक्षिण मनोरा 56. आरसीसीमध्ये सळीवरचे काँक्रीटचे कव्हर उष्णता उशिरा आत पोचू देते. त्यामुळे सेंट्रिंगच्या वेळी सळीखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक ही आगीपासूनचीही राखण आहे.

उरतो जिना. उत्तर मनोऱ्याचे तिन्ही जिने मधल्या गाभ्यात जवळजवळ होते आणि त्यांच्या भिंती जिप्समच्या फळ्यांच्या होत्या. एकाच धडकेत तिन्ही बंद झाले. वरच्या मजल्यांवरचा एकही माणूस वाचला नाही. धडकेच्या खाली असलेले बहुतेक सर्व जण मात्र बाहेर पडले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत जिने एकमेकांपासून लांब ठेवण्यावर आणि त्यांना जाड काँक्रीटच्या भिंतींची कूस देण्यावर भर आला. दक्षिण मनोऱ्यात लिफ्टच्या यंत्रसामग्रीसाठी एक जिना बाजूला सरकवलेला होता. तो धडकेच्या जागेपासून लांब पडला आणि कसाबसा चालता राहिला. धडकेच्या आणि त्यावरच्या मजल्यांवरून 18 जण त्याच जिन्याने खाली उतरले.